आमदारांसाठी राखीव

एस. टी.च्या गाडीत पुढच्या बाजूला एका खिडकीवर, ही जागा आमदारांसाठी राखीव आहे अशा अर्थाची पाटी रंगवलेली असते. त्या पाटीवर माझं फार प्रेम होतं. बायकांच्या जागेवर बसलं तर बायका येतात आणि उठवतात. आमदाराच्या जागेवर बसलं तर कोणीही येत नाही. विधानसभेत आज २८८ आमदार आहेत, विधान परिषदेत ७८. पण पुणे-सातारा किंवा पुणे-बारामती गाडीत यांपैकी एकही गृहस्थ कधी माझ्या आड आला नाही. लोकशाहीपासून मला झालेला प्रत्यक्ष फायदा तो एवढाच, असं मी चारचौघांत सांगत असे आणि चारचौघं हसतही असत. पुण्यात या विषयावर हसायला माणसं लवकर मिळतात.

१९६९ सालच्या दिवाळीत मी पहिल्या दिवाळसणाला निघालो. आमची सासुरवाडी सांगोला तालुक्यातली. शुक्रवार पेठेतला मुलगा आणि माणदेशातली मुलगी हे कसं जमलं, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे आणि तो लेख लिहायला मला घरातून परवानगी नाही. तर स्वारगेटला सांगोल्याची गाडी लागली, मी नेहमीच्या सफाईने रुमाल न टाकताच आमदारांच्या जागेवर जाऊन बसलो, आणि कंडक्टर म्हणाला, “पाव्हणं, उठा तिथनं.”

मी म्हटलं, “का? आमदार येणार आहेत की काय?” आणि नेहमीप्रमाणे आजूबाजूला बघितलं. कोणीही हसलं नाही.

“सांगोल्याची गाडी हाय ही,” कंडक्टर म्हणाला. “हितं ती जागा लागती.”

त्या दिवशी आमदार आले नाहीत. गाडी सुटल्यावर कंडक्टरनेच मला परत तिथे बसवलं. पण “वाटेत कुठं हात केला तर लगेच उठायचं” अशी ताकीद देऊन. त्यामुळे हडपसर, पाटस, भिगवण असं प्रत्येक ठिकाणी मी अर्धा उठून बाहेर बघत होतो. नवा कोट घातलेला जावई सासुरवाडीला जाताना सबंध रस्ताभर निम्म्या सीटवर बसून गेला, ही गोष्ट बायकोने पुढे पन्नास वर्षं पुरवून पुरवून सांगितली.

ते आमदार म्हणजे गणपतराव देशमुख. पक्ष शेतकरी कामगार. १९६२ साली पहिल्यांदा निवडून आलेले, १९६७ ला पुन्हा. मी हे नाव ऐकलं नव्हतं. आता यातली गंमत अशी, की या पक्षाचे एक संस्थापक केशवराव जेधे आमच्या शुक्रवार पेठेतले. जेधे मॅन्शन माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. ज्या स्वारगेटवरून मी गाडीत चढलो, तिथल्या चौकालाही जेध्यांचंच नाव. केशवराव पुढे काँग्रेसमध्ये परत गेले, पण पक्ष मात्र आमच्या पेठेतून निघून असा दूर कोरड्या मुलखात जाऊन राहिला आणि तिथे रुजला. आम्हाला पत्ताच नाही. पुण्यातून बाहेर गेलेल्या गोष्टीची चौकशी करायची आम्हाला सवय नाही.

सासऱ्यांना मी मामा म्हणत असे. पंधरा एकर जमीन, सगळी पावसाच्या भरवशावर. म्हणजे कागदावर शेतकरी आणि प्रत्यक्षात आभाळाकडे बघणारे. दिवाळीच्या फराळावर त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला, “जावईबापू, तुमचं मत कुणाला असतं?”

मी पुणेरी पद्धतीने म्हटलं, “सगळेच सारखे. तुमचं?”

“खटाऱ्याला.”

मी म्हटलं, “हो, आम्हीही त्यानेच आलो. इंदापूरच्या पुढे फार हादरे बसले.” मेहुणा आत पळाला. खटारा ही शेकापची निशाणी आहे हे मला बायकोने रात्री सांगितलं.

दुसरा प्रश्न त्याहून अवघड होता. “तुमचा आमदार कोण?” मला नाव येईना. शिंकाळ्याकडे बघितलं, कंदिलाकडे बघितलं, तरी येईना. वास्तविक त्या वेळी आमच्या भागाचे आमदार रामभाऊ म्हाळगी होते. आणि हे गृहस्थ असे की आपण आमदार म्हणून वर्षभरात काय केलं, याचा छापील अहवाल काढून मतदारांपुढे ठेवत. असा आमदार शोधून सापडायचा नाही. तो अहवाल आमच्या घरी आला होता. आईने तो फडताळात हळद-तिखटाच्या डब्यांखाली अंथरला होता, कारण कागद चांगला होता. रोज फोडणीच्या वेळी मी तो बघत असे. पण वाचला नव्हता.

मामांचं आणि त्यांच्या आमदाराचं नातं निराळं होतं. मामा गणपतरावांना ‘आबा’ म्हणत, सगळा तालुकाच म्हणे. मामा त्यांना पोस्टकार्डं लिहीत. विहिरीच्या कर्जाचं कार्ड, रस्त्याचं कार्ड, एकदा तर तलाठी भेटत नाही याचं कार्ड. मी म्हटलं, “मामा, आमदाराचं काम कायदे करणं. तलाठी शोधणं नव्हे.” मामा म्हणाले, “कायदा तलाठ्याकडंच असतो की हो आमचा.” यावर मला आजतागायत उत्तर सुचलेलं नाही.

पुण्यात पुढे या एस. टी.ने हिंडणाऱ्या आमदाराचं कौतुक फार झालं. वर्तमानपत्रात लेख आला की मी तो कापून ठेवी आणि ऑफिसात दाखवी, जणू काही ते माझे चुलत सासरे होते. आम्हा शहरी माणसांना पुढाऱ्याच्या साधेपणाचं वेड असतं. त्याचे कपडे साधे, जेवण साधं, गाडी नाही म्हटलं की आमचे डोळे भरून येतात. मामांना मात्र त्यात कौतुकाचं काही वाटत नसे. त्यांचा हिशेब रोकडा होता. मोटारीतून जाणाऱ्या आमदाराला गाठायचं तर चिठ्ठी लागते, ओळख लागते, धुळीतून पळावं लागतं. एस. टी.ने येणाऱ्याला गाठायला स्टँडवर उभं राहिलं की झालं. गाडी कितीला येते ते फळ्यावर लिहिलेलंच असतं.

१९७२ साली गणपतराव पडले. आणि नेमका त्याच साली तो दुष्काळ. माणसं रस्त्यावर खडी फोडायला बसली, पोरांना सुकडी वाटली जायची, आणि मामांच्या खिरपातल्या खिलारी बैलांची जोडी चाऱ्यावाचून विकली गेली. त्या वर्षी मामांनी कार्डं लिहिली नाहीत. नवीन आमदारांना लिहा की, असं मी सुचवलं. मामा म्हणाले, “अक्षर ओळखायला वेळ लागतो माणसाला.” १९७४ च्या पोटनिवडणुकीत गणपतराव पुन्हा निवडून आले तेव्हा मामांनी एकदम अकरा कार्डं मागवली. पुण्याहून. सांगोल्याच्या पोस्टात संपली असतील असं त्यांना वाटलं असावं.

त्यानंतर ते निवडून येत राहिले. १९७८, १९८०, १९८५, १९९०. मधल्या काळात पुलोद सरकारात मंत्री झाले. मामांना याचा आनंद झाला नाही. मंत्री झाल्यावर सरकारी मोटार आली, म्हणजे स्टँडवर उभं राहून उपयोग नाही. १९८० च्या फेब्रुवारीत ते सरकार बरखास्त झालं तेव्हा पुण्यात लोकशाहीच्या भवितव्यावर व्याख्यानं झाली, आणि मामांचं मला पत्र आलं: ‘इकडील सर्व क्षेम. आबा परत एस. टी.ने येतील.’

ग्रामीण आमदाराचं आयुष्य कशात जातं, याचा मी पुढे जरा अभ्यास केला. ते पाणी मागण्यात जातं. सांगोला हा असा तालुका की नीरेच्या उजव्या कालव्याचं शेवटचं टोक तिथे येतं. आणि कालव्याच्या टोकाला पाणी पोचेपर्यंत वरच्या लोकांची तहान भागत नाही. मग कृष्णेचं पाणी उचलून आणायचं. टेंभू, म्हैसाळ ही नावं मी सासुरवाडीच्या ओट्यावर इतकी ऐकली की आरतीत आली तरी मी टाळी वाजवली असती. १९९३ पासून आटपाडीला नागनाथअण्णा नायकवडींच्या पाणी परिषदा सुरू झाल्या, गणपतरावही त्यांत होते. विधानसभेत तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, कपात सूचना. मुंबईत अधिवेशन, नागपुरात अधिवेशन. आणि परत येऊन पाहावं तर माणगंगा कोरडी. एका कालव्याच्या मागे एक माणूस चाळीस-चाळीस वर्षं लागतो, आणि आमच्याकडे नळाला दुपारी पाणी नाही आलं तर आम्ही संपादकांना पत्र लिहितो.

आता मुद्द्याची गोष्ट सांगतो. ती टाळता आली असती तर टाळली असती.

१९९५ च्या फेब्रुवारीत निवडणूक होती. मेहुणा तेव्हा चिंचवडला कारखान्यात नोकरीला, पण दोघा नवराबायकोची नावं गावच्याच यादीत. आदल्या रात्री ते आमच्याकडे मुक्कामाला आले, पहाटेची गाडी धरायला. थंडी कडाक्याची. बायकोने मटारची उसळ केली होती. जेवताना मी म्हटलं, “अरे, कशाला एवढी दगदग? ते निवडून येणारच आहेत. आठ वेळा आलेत... सात असेल. तुमच्या दोन मतांनी काय होणार आहे? उद्या मस्त झोपा, दुपारी श्रीखंड आणू.”

मेहुणा माझं फार ऐकतो. ते दोघं झोपले. श्रीखंड आणलं.

गणपतराव देशमुख १९२ मतांनी पडले.

निकाल कळला त्या संध्याकाळी घरात कोणी बोललं नाही. मी कागद-पेन्सिल घेऊन बायकोला पटवत होतो की १९२ मधून दोन गेले तरी १९० उरतात, म्हणजे आपला काही दोष नाही. गणितात चूक नव्हती. तिने उरलेलं श्रीखंड मोलकरणीला देऊन टाकलं.

उन्हाळ्यात सासुरवाडीला गेलो. मामा काहीच बोलेनात. मीच शेवटी न राहवून ते १९० चं गणित मांडलं. मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “जावईबापू, पुण्यात सांगोल्याचे जावई किती असतील?”

“असतील की पुष्कळ.”

“शहाण्णव असतील का?”

मला कळेना. मामांनी ओट्यावर बोटाने आकडे काढले. “जावयामागं दोन मतं. शहाण्णव जावयांनी श्रीखंड आणलं की झाली बरोबरी. मग चिठ्ठ्या टाकत्यात. सत्त्याण्णव असले की निकाल.” आणि हात झटकून म्हणाले, “तुम्ही एकटे नव्हता. वाईट वाटून घेऊ नका.”

श्रीखंडाचं त्यांना कोणी सांगितलं, हे मी घरात कधीही विचारलं नाही.

१९९९ च्या निवडणुकीला मेहुण्याला आणि त्याच्या बायकोला मी स्वतः स्वारगेटला घेऊन गेलो, तिकिटं काढली, गाडीत बसवलं, आणि खात्री नको म्हणून मीही बसलो. मतदान केंद्राबाहेर वडाखाली मामांबरोबर उभा राहिलो. दोघांच्या बोटांची शाई मामांनी जवळ घेऊन बघितली, चष्मा लावून. गणपतराव निवडून आले, विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात मंत्रीही झाले. मामांनी मोटारीबद्दल तक्रार केली नाही. ते थकले होते. डाळिंबं लावली होती, रोजगार हमीतून फळबागांची जी योजना निघाली तिच्यातली. तेवढी मात्र मला नेऊन झाडागणिक दाखवली. नंतर डाळिंबावर तेल्या रोग आला, पण तोवर मामा गेले होते.

२००४, २००९, २०१४. एकाच मतदारसंघातून अकरा वेळा. शेवटची निवडणूक जिंकली तेव्हा वय अठ्ठ्याऐंशीच्या आसपास. पुण्यात त्या वयात माणसाला जिना उतरू देत नाहीत. २०१९ ला ते उभे राहिले नाहीत. नातू उभा राहिला आणि ७६८ मतांनी पडला. माझा फोन वाजला, पलीकडे मेहुणा. “आम्ही दोघं गेलो होतो हं,” तो म्हणाला. “बोटाचा फोटो पाठवू का?” मी नको म्हटलं. पण मनातल्या मनात तीनशे चौऱ्याऐंशी जावई मोजून झाले होते.

३० जुलै २०२१ ला गणपतराव गेले. करोनाचे दिवस होते. बायकोने मामांची जुनी पेटी काढली. तिच्यात आबांकडून आलेली कार्डं होती. बहुतेक दोन-दोन ओळींची; तुमचं पत्र मिळालं, संबंधित खात्याला कळवलं आहे, या अर्थाची. मामांनी प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं: ‘झाले’, ‘झाले’, ‘नाही झाले’, ‘झाले’. ‘नाही झाले’ही बरीच होती. पाण्याच्या कार्डावर ‘चालू’ लिहिलं होतं.

२०२४ च्या नोव्हेंबरात पुन्हा निवडणूक आली. दुसरा नातू उभा होता, तो निवडून आला. मतदानाच्या आदल्या दिवशी मेहुणा एकटाच आला, त्याची बायको आता नाही. मी म्हटलं, चल, सोडतो तुला. स्वारगेटला गाडी लागलेली होती. जेधे चौकात आता वर उड्डाणपूल आणि खाली मेट्रो, त्यामुळे चौक शोधावा लागतो. मेहुण्याचा गुडघा दुखतो, म्हणून तो चढल्या चढल्या पुढच्याच रिकाम्या सीटवर टेकला. मी खिडकीवरची पाटी वाचली.

“ऊठ तिथनं,” मी म्हटलं. “मागं बस.”

“अहो, कोण येतंय आता?”

मी त्याची पिशवी उचलली आणि मागच्या सीटवर नेऊन ठेवली.