लॉगबुकातील एक रात्र

सामरवरणीतील एका कारखान्याच्या हिशेब खात्यात माझी 29 वर्षे गेली. 1954 च्या मुक्तीनंतर आजोबा सिल्वासाला आले तेव्हा या भागात बैलगाडी हेच वाहन होते, असे वडील सांगत. बैलगाडीला कोणी वर्ग विचारीत नसे. माझ्या वाट्याला मात्र वाहनांचे वर्ग लावण्याचेच काम आले.

आमच्या आवारात तीन प्रकारची वाहने उभी असत. आतल्या आत गाठोडी हलविणारी फोर्कलिफ्ट, माल नेणारा ट्रक आणि साहेबांची मोटार. केवळ कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनविलेले खास यंत्र 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येतच बसत नाही. म्हणून फोर्कलिफ्ट चाके असूनही आमच्या वह्यांत यंत्रसामग्रीच्या पानावर असे. ट्रकची गोष्ट याहून गमतीची. तोच ट्रक भाड्याने चालविणाऱ्या वाहतूकदाराकडे असला, तर प्राप्तिकरात त्याला वर्षाला 30 टक्के घसारा मिळे. आमच्याकडे स्वतःचा माल वाहतो म्हणून 15 टक्के. एकाच सांगाड्याचे दोन ट्रक वापीच्या रस्त्यावर एकामागून एक धावत आणि कागदावर एक दुसऱ्याच्या दुप्पट वेगाने म्हातारा होई. 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि नवी वाटणी झाली: मालाच्या गाडीवर भरलेल्या कराचे क्रेडिट मिळते, माणसांच्या मोटारीवरचे आमच्यासारख्या कारखान्याला मिळत नाही.

हद्दीपलीकडे महाराष्ट्रात तर नावावरूनच वर्ग बदलतो. व्यक्तीच्या नावावरील लहान पेट्रोल मोटारीवर 11 टक्के एकरकमी कर, आणि तीच मोटार कंपनीच्या नावाने घेतली तर 20 टक्के. आपल्या प्रदेशाच्या ‘डीएन 09’ पाट्यांचे मुंबईकरांना इतके प्रेम का होते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. (2020 च्या विलीनीकरणानंतर त्या पाट्याही ‘डीडी’ झाल्या, जुनी गाडी दिसली की मला उगाच बरे वाटते.) हा घोळ आपल्याकडेच आहे असेही नाही. विलायतेत कोका-कोलाच्या तंत्रज्ञांना दिलेल्या, मागे जादा आसने बसविलेल्या गाड्या मोटारी की व्हॅन, हा वाद 2020 मध्ये अपील न्यायालयापर्यंत गेला. खालच्या न्यायाधिकरणांनी एका बनावटीला व्हॅन आणि दुसरीला मोटार म्हटले होते. अपील न्यायालयाने सगळ्यांनाच मोटार ठरविले.

पण मला सांगायचे आहे ते साहेबांच्या मोटारीविषयी. मालकाने नोकराला दिलेली मोटार फक्त कामासाठी वापरली, तर तिचे मूल्य पगारात मिळवीत नाहीत. मात्र त्यासाठी प्रत्येक फेरीची तारीख, ठिकाण, अंतर आणि खर्च लॉगबुकात लिहिलेला असावा लागतो, आणि मालकाचा दाखला लागतो. थोडा जरी खाजगी वापर असला, तरी 2009 मध्ये बदललेल्या नियमानुसार त्या काळी 1.6 लिटरपर्यंतच्या इंजिनाला महिना 1,800 रुपये आणि चालकाचे 900 रुपये पगारात धरीत. आमचे व्यवस्थापक साहेब काटेकोर. त्यांची मोटार ‘केवळ कार्यालयीन’ होती, आणि खरोखरच होती.

2012 च्या जुलैत एका रात्री आईच्या छातीत दुखू लागले. पाऊस असा की रिक्षा सोडा, माणूस रस्त्यावर दिसत नव्हता. मी कारखान्याच्या फाटकावर फोन केला तो फक्त कोणी ओळखीचा गाडीवाला आहे का, हे विचारायला. पहारेकऱ्याने साहेबांना उठविले आणि पंधरा मिनिटांत त्यांची मोटार माझ्या दारात उभी राहिली. आईला वापीला नेले. आई वाचली.

पहाटे परतताना चालकाने विचारले, “दादा, वहीत काय लिहू?” मी क्षणभरही विचार न करता म्हणालो, “वापी स्टेशन, माल सोडवणे.” ज्या वहीची पाने मी दर महिन्याला तपासून सही करीत असे, तिच्यातच.

एप्रिलमध्ये लेखापरीक्षक आले. त्यांनी लॉगबुक फाटकाच्या नोंदवहीशी ताडून पाहिले. रात्री दोन वाजता कुठला माल सुटतो, असे त्यांनी चालकाला विचारले. मी पलीकडच्याच खोलीत होतो. तो म्हणाला, “माझीच चूक, साहेब. झोपेत भलतेच लिहिले गेले.” मी ते ऐकले आणि हातातल्या बेरजेवर मान खाली घातली. दुपारच्या जेवणापर्यंत मी गप्प बसलो. डबा उघडला, पण घास उतरेना. मग उठून आत गेलो आणि सारे सांगितले.

लेखापरीक्षक भला माणूस होता, पण नियमाचा पक्का. मोटार साहेबांना दिलेली; ती त्यांनी आपल्या मर्जीने खाजगी कामाला दिली, तेव्हा ‘केवळ कार्यालयीन’ हा दाखला आता देता येणार नाही, असे त्याचे म्हणणे. यावर वाद घालता आला असता. परिलब्धी झालीच असेल तर ती माझी, असे मी म्हणूनही पाहिले. साहेबांनी वाद घालू दिला नाही. 2,700 रुपयांप्रमाणे बारा महिन्यांचे 32,400 रुपये त्यांच्या पगारात मिळविले गेले, आणि वरच्या टप्प्याने त्यावर 10,000 रुपयांच्या वर कर बसला. जाऊन-येऊन 40 किलोमीटरदेखील न भरणाऱ्या फेरीचा.

मी पैसे पाकिटात घालून त्यांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी ते माझ्याकडे सरकविले. “गाडी तुम्ही मागितली नव्हती, मी दिली होती. पण त्या पोराला खोटे लिहायला लावायला नको होते.” एवढेच बोलून त्यांनी आईची चौकशी केली.

त्या नोंदीवर मी लाल शाईने रेघ मारली, बाजूला ‘खाजगी – हिशेबनीसाच्या आईस दवाखान्यात नेणे’ असे लिहून सही केली. चालकाची माफी मागितली तेव्हा तो हसला आणि विषय बदलला. पुढे मी निवृत्त होईपर्यंत मात्र, साधी टपालाची फेरी असली तरी, तो वही घेऊन माझ्या टेबलाशी येई, पेन माझ्या हातात देई आणि म्हणे, “दादा, हे तुम्हीच लिहा.”