चुकीचा विमा

माणूस चुकतो, म्हणून पेन्सिलीच्या बुडाला रबर लावतात. पण डॉक्टर, इंजिनियर, चार्टर्ड अकाउंटंट या मंडळींच्या चुका रबरानं खोडता येत नाहीत. त्यांच्यासाठी विमा कंपन्यांनी एक पॉलिसी काढलेली आहे. तिचं नाव 'प्रोफेशनल इन्डेम्निटी'. काम करताना हलगर्जी झाली, समोरच्याचं नुकसान झालं आणि त्यानं भरपाई मागितली, तर ती भरपाई अन् वकिलाचा खर्च ठरलेल्या रकमेपर्यंत कंपनी देते. शुद्ध मराठीत याला 'चुकीचा विमा' म्हणावं!

आम्हां बँकवाल्यांना हे नवं नाही. आमच्यापैकी कोणी अफरातफर केली तर नुकसान भरून निघावं म्हणून बँकाही विमा उतरवतात. साहेब रोज सकाळी आमच्याकडे बघून विश्वासानं हसतात, त्या हसण्याचा हप्ता भरलेला असतो. संध्याकाळी कॅश कमी भरली, तर मात्र कॅशियरचा विमा म्हणजे त्याचा स्वतःचा खिसा.

आमचं लासूर स्टेशन मनमाडहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर. इथे काम करणारा आणि करून घेणारा यांची रोज बाजारात गाठ पडते. विहिरीवरची मोटर भरून देणारा वाइंडिंगवाला घ्या. त्यानं भरलेली मोटर आठ दिवसांत जळाली, की शेतकरी ती गाडीवर टाकून परत आणतो. आवाज चढतात, दोघांची घराणी निघतात, चहा येतो. शेवटी "चुकलं राव, परत भरून देतो," एवढ्यावर प्रकरण मिटतं. हप्ता फक्त दोन कप चहा.

आमच्या गल्लीत एका तरुण डॉक्टरांनी दवाखाना टाकला, आणि त्यांची ही पॉलिसी वाचायला माझ्याकडे आली. बँकेतल्या माणसाला बारीक अक्षर कळतं अशी गावाची समजूत आहे. ती मोडण्यात आपला काय फायदा?

वाचता वाचता करमणूक होऊ लागली. मुद्दाम केलेली चूक चालणार नाही, नशेत केलेली तर नाहीच नाही. इथवर ठीक. पुढे असं, की चूक कधी केली एवढं पुरत नाही, दावा कधी आला तेही बघायचं. दावा येईल तेव्हा पॉलिसी चालू पाहिजे. शिवाय एक मागची तारीख ठरलेली असते. तिच्या आधीच्या चुका जमेत धरत नाहीत. डॉक्टरांना हे कलम अवघड वाटलं. मला मुळीच नाही, कारण माझं लग्न होऊन वीस वर्षं झाली आहेत. आमच्याकडेही चूक जुनी आणि दावा ताजा असतो. फक्त मागची तारीख तेवढी अजून कोणी ठरवून दिलेली नाही.

आणि मग ते कलम आलं. कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय विमेदारानं चूक कबूल करायची नाही, भरपाईचं वचन द्यायचं नाही. म्हणजे लासूर स्टेशनात ज्या एका शब्दावर सगळे तंटे मिटतात, तोच बंद!

"अहो, पण मग पॉलिसी घ्यायचीच कशाला?" डॉक्टरांनी विचारलं.

घ्यायला तर हवीच. 1986 साली ग्राहक संरक्षण कायदा आला आणि 1995 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की पैसे घेऊन उपचार करणारे डॉक्टरही त्यात येतात. 2024 साली त्याच न्यायालयानं वकिलांना मात्र त्या कायद्यातून वगळलं. दिवाणी कोर्ट त्यांच्यासाठीही उघडं आहे म्हणा, पण वकिलावर दावा लावायचा तर आधी दुसरा वकील शोधावा लागतो.

या सगळ्याच्या आधीचा एक आपला मराठी खटला आहे. त्यावर विनोद करवत नाही. 1953 साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतला विशीतल्या एका मुलाची मांडी मोडली. उपचारासाठी त्याला पुण्याला नेलं आणि तिथे तो गेला. वडील स्वतः दौंडचे डॉक्टर. त्यांनी दावा लावला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूनं लागला तो 1968 साली. पंधरा वर्षं, आणि भरपाई रुपये तीन हजार! मला वाटतं, बाप एवढी वर्षं तीन हजारांसाठी थांबत नाही. काय चुकलं ते कोणीतरी मोठ्यानं म्हणावं, यासाठी थांबतो. आणि तेवढं सोडून बाकी सगळं कंपनी देते.

मी डॉक्टरांना म्हटलं, "पॉलिसी घ्या. पण काय झालं, आता पुढे काय करणार, हे पेशंटच्या घरच्यांना बसून सांगायला कुठल्या कलमानं बंदी केलेली नाही. कबुली कंपनीला विचारून द्या. खुर्ची मात्र न विचारता द्या."

ही सगळी हकिगत मी वाइंडिंगवाल्याला सांगितली. तो हातातली तांब्याची तार बाजूला ठेवून म्हणाला, "म्हणजे चूक माझी, पैसे कंपनीचे, अन् बोलायचं कोणीच नाही? मग गिऱ्हाईक परत येईल कामून?"

बारीक अक्षरात बरंच शोधलं. याचं उत्तर काही सापडलं नाही.