नव्वदीचं गाणं आणि दुबईचं तिकीट

‘गाणं आयकाले कोणी दुबईले जाते काय जी?’ हा प्रश्न कामठीत मला अजूनही विचारला जातो, आणि विचारणाऱ्याला उत्तर नकोच असतं. ८ सप्टेंबर २०२३ला आशा भोसले नव्वद वर्षांच्या झाल्या आणि त्याच संध्याकाळी दुबईच्या कोका-कोला अरेनात गायल्या. तो कार्यक्रम ऐकायला मी गेले होते. विमान, व्हिसा, हॉटेल यांचं वर्णन करत नाही, ते सगळ्यांचं सारखंच असतं. मला खुपतं ते हे की लग्नाच्या जेवणावळीत हजार पानं उठवण्यासाठी कर्ज काढणारा माणूस आपल्याकडे व्यवहारी ठरतो आणि स्वतःच्या कमाईतून गाणं ऐकायला जाणारी बाई वेडी. या निवाड्यामागचं गृहीत एकच आहे. आशाबाईंची गाणी फोनवर फुकट आहेत, मग पैसे कशाचे मोजले?

हे गृहीत इतर गायकांच्या बाबतीत निम्मं तरी खरं असेल, पण पार्श्वगायिकेच्या बाबतीत ते मला साफ उलटं वाटतं. पार्श्वगायन हा गाणाऱ्याला लपवण्याचा धंदा आहे. १९४९च्या ‘महल’मधल्या लताबाईंच्या गाण्याची तबकडी निघाली, तेव्हा तिच्यावर गायिका म्हणून नाव होतं ‘कामिनी’, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं. फिल्मफेअरचे पुरस्कार १९५४ला सुरू झाले, पण पार्श्वगायनासाठी पहिला पुरस्कार मिळायला १९५९ उजाडलं. नाव लागायला लागलं, तरी देह लपलेलाच राहिला. आशाबाईंचं पहिलं चित्रपटगीत १९४३च्या ‘माझं बाळ’मधलं, दत्ता डावजेकरांच्या संगीतातलं, तेव्हा त्या जेमतेम दहा वर्षांच्या होत्या. १९९५च्या ‘रंगीला’त त्या विशीतल्या उर्मिला मातोंडकरसाठी गायल्या, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. ऐकणाऱ्याला उर्मिलाचं वय ऐकू आलं, गाणारीचं नाही, आणि त्यातच त्यांची कमाल होती. सर्वाधिक ध्वनिमुद्रणांसाठी गिनीज बुकानं २०११मध्ये त्यांची नोंद केली. म्हणजे हजारो वेळा हा आवाज दुसऱ्या कोणाच्या तरी चेहऱ्याला दिला गेला. फोनवर जे फुकट आहे ते हे दिलेलं गाणं. नव्वदाव्या वाढदिवशी स्वतःच्या वयासकट उभं राहून गायलेलं गाणं ही वेगळी वस्तू आहे, आणि ती मिळायचा दिवस एकच होता.

यावर कोणी म्हणेल की आशाबाई काही पडद्याआड बसून राहिल्या नव्हत्या, देशोदेशी मंचावर गात होत्या. खरं आहे. पण त्या मैफलींना लोक तबकडीवरचं गाणं जसंच्या तसं ऐकायला जात, आणि जुळलं की टाळ्या वाजवत. नव्वदीच्या कार्यक्रमाला कोणी जुळवायला जात नाही. श्वास आखूड झालेला असतो, वरचे स्वर पूर्वीसारखे लागत नाहीत, हे तिकीट काढतानाच ठाऊक असतं. मग थकलेला आवाज कशाला ऐकायचा? शास्त्रीय गाणं ऐकणाऱ्यांना हा प्रश्न पडत नाही. गंगूबाई हनगल नव्वदी उलटल्यावरही गायल्या, आणि त्यांच्याकडून कोणी तरुणपणीचा गळा मागितला नाही. रागात वय मुरतं असं आपण म्हणतो. मग चित्रपटगीतालाच चिरतारुण्याची सक्ती का?

याहून अवघड आक्षेप वेगळा आहे, आणि तो मी स्वतःवरच घेते. नव्वदीतल्या बाईला हे झेपतं का, हे बघायला जाणं यात सर्कशीचं कुतूहल नाही का? थोडं आहे. ३ ऑगस्ट २०२१ला अमेरिकन गायक टोनी बेनेट आपल्या पंचाण्णवाव्या वाढदिवशी न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटीत गायले. त्यांना अल्झायमर असल्याचं घरच्यांनी काही महिन्यांपूर्वीच जाहीर केलं होतं. त्या प्रेक्षकांत प्रेम किती आणि धास्ती किती, हे वेगळं करता येणार नाही. मलाही येत नाही. पण गायचं की थांबायचं हे गाणारी ठरवते. आपल्याला झेपतं का, हे आशाबाईंना श्रोत्यांनी सांगायची गरज नव्हती.

राहिला दुबईचा प्रश्न. सांगली जिल्ह्यातल्या गोवारला जन्मलेल्या गायिकेची नव्वदी महाराष्ट्रात का नाही? हे मला आधी फार लागलं होतं. सुरेश भटांच्या गझला आशाबाईंच्या गळ्यातून घरोघरी गेल्या. त्या भटांच्या नावाचं सभागृह नागपुरात रेशीमबागेत आहे, कामठीहून तासाभराच्या आत. पण त्यात दोनेक हजार माणसं बसतात, दुबईच्या त्या बंदिस्त, वातानुकूलित अरेनात सतरा हजारांपर्यंत. सप्टेंबरात नागपुरात मोकळ्या मैदानावर कार्यक्रम ठेवणं म्हणजे पावसाशी जुगार. त्याहून मोठं कारण आपली पासांची सवय. मोठ्या गायकाचा कार्यक्रम म्हटला की पहिला फोन ‘पास मिळेल का’ यासाठीच जातो. ज्या गावात तिकीट काढणं कमीपणाचं वाटतं, तिथून कार्यक्रम दूर गेला तर रडायचं कशाला? त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकन गायक विली नेल्सनची नव्वदीसुद्धा त्याच्या टेक्ससमध्ये नाही, लॉस एंजेलिसला साजरी झाली. आणि ‘परदेश’ हा शब्द कामठीतून निराळाच दिसतो. मुंबईला जायला आगगाडीत रात्र घालवावी लागते. मुंबईहून दुबई विमानानं तीन-साडेतीन तास. सवाई गंधर्व महोत्सवाला पुण्याला जायचं तरी रात्रीचाच प्रवास. छावणीच्या या गावातून गाण्यासाठी बाहेर पडायचं म्हणजे लांबच जायचं. मधे सीमा लागली म्हणून त्याचा गुन्हा होत नाही. हे सगळं पटूनही रेशीमबागेवरून जाताना ते खटकतं ते खटकतंच.

एका गोष्टीवर मात्र माझ्याकडे उत्तर नाही. या आवाजाचे खरे हक्कदार कोण? रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला ऐकण्यासाठी बुधवारची संध्याकाळ राखून ठेवणारी पिढी. ती आता पंचाहत्तरी-ऐंशीत आहे, गुडघ्यांनी बेजार, आणि तिच्यातल्या बहुतेकांनी पासपोर्ट कधी काढलेलाच नाही. दुबईचं तिकीट परवडलं ते आम्हाला, ज्यांनी आशाबाई आईच्या रेडिओवर ऐकल्या. त्या मंचासमोरची खुर्ची आईच्या वयाच्या बाईची होती. वेडी म्हणणाऱ्यांनी हे विचारलं असतं, तर मी गप्प बसले असते. पण ते विचारतात फक्त तिकिटाची किंमत.