२१८ अंश, पण किती भाराखाली?

सांगली,
रविवार

चि. मनू,


तुझं पत्र आणि सोबतचं रेझिनचं माहितीपत्रक, दोन्ही नीट वाचलं. तू रेझिनचा प्रिंटर घेतल्याचं दादाकडून कळलंच होतं. पहिलीच ऑर्डर साच्याची मिळाली, डबीच्या झाकणाचे पॉलिप्रॉपिलीनचे दोनशे नग काढायचे आहेत, आणि गिऱ्हाईक विचारतंय की प्लास्टिकच्या साच्यात वितळलेलं प्लास्टिक घातल्यावर साचा टिकणार कसा? त्याची शंका रास्त आहे. तू मात्र ‘२१८ अंशांपर्यंत टिकतो’ असं लिहून देणार आहेस. ते कोटेशन पाठवण्याआधी हे वाच. माझं आयुष्य इन्स्पेक्शनच्या टेबलावर गेलं. आकडा दिसला की तो कोणत्या अटीवर मोजला हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही.

हा २१८ चा आकडा ज्या चाचणीतून येतो, ती कशी करतात ते बघ. रेझिनची पट्टी दोन आधारांवर ठेवतात, मधोमध भार देतात, आणि तेलाच्या टाकीत बुडवून तापमान मिनिटाला २ अंशांनी चढवत नेतात. पट्टी ठरलेल्या अंतराइतकी वाकली की त्या क्षणीचं तापमान टिपून घेतात. एएसटीएम मानकाच्या पद्धतीत हे अंतर पाव मिलिमीटर असतं. म्हणजे २१८ हा वितळण्याचा आकडा नाही. हे रेझिन एकदा पक्कं झालं की वितळतच नाही, फार तापलं तर करपतं. आणि ‘इथपर्यंत बिनघोर वापरा’ असाही त्याचा अर्थ नाही. शिवाय भार दोन प्रकारचे असतात, ०.४५ मेगापास्कल आणि १.८० मेगापास्कल. पत्रकावर ठळक छापलाय तो हलक्या भाराचा आकडा. त्याच तक्त्यात एक ओळ खाली उतर, १.८० ला काय लिहिलंय? ११०. रेझिन तेच, पट्टीही तीच. भार चौपट झाला आणि आकडा निम्म्यावर आला.

तरीही तुझं काम होण्यासारखं आहे, कारण साच्याला २१८ अंश सोसायचेच नाहीत. पॉलिप्रॉपिलीन नोझलमधून २०० ते २३० अंशांना येतं खरं, पण पोकळीला भिडताक्षणी गार व्हायला लागतं. धोका एका शॉटचा, म्हणजे एकदा प्लास्टिक भरण्याचा नाही, साठत जाणाऱ्या उष्णतेचा आहे. पोलादाच्या मानाने हे रेझिन उष्णता वाहून नेतं जेमतेम शंभराव्या हिश्श्याच्या आसपास. आत आलेली उष्णता पृष्ठभागावरच तुंबते, आणि पुढचा शॉट त्यावर आणखी भर घालतो. म्हणून दर शॉटनंतर साचा उघडा ठेव, कॉम्प्रेसरची हवा मार, आणि गाभा हाताला सोसवेल इतका निवल्याशिवाय पुढचा शॉट घेऊ नकोस. पोलादी साच्यात सेकंदांत होणारं झाकण इथे मिनिटं घेईल. किंमत ठरवताना हा मशीनचा वेळ धर.

आता खरी गोष्ट. पत्रकावरचा ताठपणा आणि उष्णता सोसण्याची ताकद बाटलीतून येत नाही, प्रिंटरमधूनही येत नाही. ती येते त्यानंतरच्या कामातून. पत्रकात तीन रकाने आहेत: नुसतं प्रिंट केलेलं, प्रकाशात पक्कं केलेलं, आणि प्रकाशानंतर भट्टीत ठेवलेलं. पहिल्या रकान्यात हलक्या भारालासुद्धा आकडा सत्तरच्या खाली आहे. असं का होतं? प्रकाश पडला की रेझिनचे रेणू एकमेकांना हात देऊन जाळं विणू लागतात. जाळं जसं घट्ट होतं, तशी आत उरलेल्या रेणूंना हलायला जागा राहत नाही. हात मोकळे असतात, पण समोरच्यापर्यंत पोचत नाहीत. खोलीच्या तापमानाला तू दिवसभर दिवा लावून बसलीस तरी ही विणकामाची गाडी एका टप्प्यावर अडतेच. तापमान वाढवलं की रेणूंना पुन्हा हालचाल मिळते आणि राहिलेल्या गाठी बसतात. म्हणून क्युअरिंगच्या डब्यात दिव्याबरोबर हीटरही असतो, आणि म्हणून शेवटी भट्टी. भट्टीची पायरी पत्रकात ‘ऐच्छिक’ म्हणून छापलेली असते. तुझ्या कामाला ती सक्तीची समज.

त्याआधी वॉश. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये चिकट रेझिन निघेल तेवढाच वेळ बुडव. जास्त वेळ राहिलं तर तुकडा अल्कोहोल पितो, फुगतो, आणि पुढे तापवताना बारीक चिरा देतो. बाहेर काढल्यावर खाचाखोचांतून हवा मार, चांगला कोरडा होऊ दे, मगच दिव्याखाली ठेव. पृष्ठभाग चिकटच राहत असेल तर तो हवेतल्या ऑक्सिजनचा प्रताप असतो. तो वरच्या थराचं विणकाम अडवतो. वापरलेलं अल्कोहोल मोरीत ओतू नकोस. त्यातलं रेझिन उन्हात पक्कं करून गाळून वेगळं काढ. आणि नायट्रिलचे हातमोजे विसरू नकोस. या रेझिनची ॲलर्जी एकदा अंगात बसली की सहसा जन्मभर जात नाही.

ताठपणाची किंमत कशात मोजावी लागते, तेही सांगते. संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूलरूममध्ये तू पोलादाला पाणी द्यायला शिकलीस. पाणी दिलं की पोलाद कडक आणि ठिसूळ होतं, मग टेम्परिंग करून थोडा चिवटपणा परत मिळवतो. इथे भट्टी उलटी चालते. ती कडकपणा वाढवते, चिवटपणा परत देत नाही. तुझ्या काचभरल्या रेझिनचा मोड्युलस, म्हणजे ताठपणाचं माप, १० गिगापास्कल आहे, साध्या रेझिनच्या तिप्पट-चौपट. पण ते तुटेपर्यंत ताणलं जातं जेमतेम एक टक्का. शिवाय ‘ताठ’ म्हणजे प्लास्टिकांमध्ये ताठ, हे विसरू नकोस. ॲल्युमिनियम ७० ला आहे, पोलाद २०० च्या आसपास. हा ठिसूळपणा या रेझिनच्या घराण्यातच आहे. चक हल यांनी अमेरिकेत १९८३ मध्ये अशा रेझिनचा पहिला तुकडा प्रिंट केला, तो अशा कंपनीत काम करत असताना, जिथे अतिनील दिव्यांनी टेबलांवर प्लास्टिकचा पातळ कडक थर चढवत. असं द्रव्य ओरखडा सोसतं, वाकणं सोसत नाही.

म्हणून साचा आखताना आतल्या प्रत्येक कोपऱ्याला फिलेट दे; धारदार कोपऱ्यातूनच चीर सुरू होते. ड्राफ्ट पोलादाला देतेस त्याहून जास्त ठेव, म्हणजे झाकण ओढून काढावं लागणार नाही. रेझिनमध्ये टॅप मारू नकोस, आटे भुकटी होऊन बाहेर येतील. पोकळीचा प्रिंट केलेला भाग, म्हणजे इन्सर्ट, ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये बसव आणि स्क्रू, डोवेल, स्प्रू बुश सगळं धातूचं ठेव. इन्सर्ट फ्रेमपेक्षा केसभर वर राहू दे, म्हणजे क्लॅम्पचा दाब पार्टिंगवर येईल आणि फ्लॅश कमी होईल. केसभरच, जास्त नाही.

प्रिंटिंगला आणि फिनिशिंगला घाई करू नकोस. बाटली भरपूर हलवून घे; काच तळाला बसते, आणि न हलवता ओतलंस तर एकाच साच्याचे दोन भाग दोन तऱ्हेचे होतील. सपोर्ट वॉशनंतर, पक्कं करण्याआधीच काढ. भट्टीनंतर काढायला गेलीस तर सपोर्टबरोबर पृष्ठभागाचा टवकाही निघेल. प्रिंट करताना पोकळीच्या बाजूला सपोर्ट येणारच नाहीत असा तुकडा तिरका लाव. भट्टीत सपाट फरशीवर ठेव, तापमान हळू चढव, आणि दार बंद ठेवून आतच निवू दे. मग सरफेस प्लेटवर ठेवून चारही कडांखाली फीलर गेज घालून बघ. पार्टिंगचा चेहरा काचेवर ठेवलेल्या वॉटर पेपरने ओला घास. पोकळीतल्या थरांच्या रेघा झाकण ज्या दिशेने सुटतं त्याच दिशेने घास. आडव्या रेघा झाकणाला पकडून ठेवतात. कोरडं घासायचं नाही, कारण ती धूळ काचेची आहे. ओलं घासतानाही मास्क लाव.

आता कोटेशन. ‘२१८ अंश’ काढून टाक. त्याऐवजी लिही: ‘साचा पॉलिप्रॉपिलीनसाठी, दिव्यात आणि भट्टीत पक्का केलेला. दर शॉटनंतर हवेने निववून वापरायचा. दोनशे नगांसाठी इन्सर्टचे दोन संच धरले आहेत.’ दुसरा संच का, असं त्याने विचारलं तर सरळ सांग की हे द्रव्य तुटण्याआधी वाकून इशारा देत नाही. नायलॉन किंवा पॉलिकार्बोनेटचं काम घेऊन आला तर या साच्यात नको म्हण. ते कितीतरी जास्त तापमानाला येतात.

आकडा मोठा दिसला की ऑर्डर मिळते, अटी लिहिल्या की दुसरी ऑर्डर मिळते. दादाला नमस्कार सांग, आणि पहिल्या दहा झाकणांची मापं शॉटच्या क्रमाने लिहून मला पाठव.

तुझी,
आत्या