डावा पाय

मराठीच्या अध्यापकाने मोटारीच्या अंतरंगात डोकावण्याचे प्रसंग क्वचितच येतात. परंतु गतवर्षी आमच्या भालकीच्या दाजींनी आपली जुनी मर्सिडीज २४० डी ही डिझेल गाडी ऑटोमॅटिकची हातगिअरची करावयाचे ठरविले, आणि अर्जविनंत्यांचे काम आमच्याकडे आले.

बालपणीच्या पोलिओने दाजींचा डावा पाय अधू झालेला. क्लच दाबणे अशक्य. म्हणूनच त्यांनी ही गाडी हौसेने नव्हे, गरजेपोटी घेतली होती. खेडोपाडीचे रुग्ण त्यांनी तिच्यातूनच पाहिले. आता तिची गिअरपेटी घसरू लागली. ती उघडून दुरुस्त करणारा कारागीर बिदर, कलबुर्गीकडे आम्हांस आढळला नाही. शिवाय अशी गाडी ढकलून सुरू होत नाही, आणि मागची चाके जमिनीवर ठेवून दूरवर ओढून नेता येत नाही; कारण इंजिन बंद असताना गिअरपेटीत तेल फिरविणारा पंपही बंदच असतो.

आम्ही जुनी ऑटोमॅटिक पेटीच शोधावी असा आग्रह धरला. गाडी हातगिअरची झाली की दाजींचे चालविणे कायमचे संपणार, हे उघड होते. अक्का काही बोलल्या नाहीत. दाजी म्हणाले, "मास्तर, दारात उभी राहून गंजण्यापेक्षा पोराच्या हाती चालू द्या."

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमानुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई आहे. म्हणून आम्ही आधी परिवहन कार्यालयास लेखी विचारले. कारखान्याने हे मॉडेल दोन्ही प्रकारांत विकले होते, हा मुद्दा अर्जात मांडला. अनुमती मिळाल्यावरच हैदराबादेहून त्याच जातीच्या गाडीची हातगिअरपेटी आणविली.

तेलाने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर निघाला. त्या जागी फ्लायव्हील, क्लच प्लेट व प्रेशर प्लेट आली. फ्लायव्हीलचा तोल जुन्या चकतीशी जुळवून घ्यावा लागतो, अन्यथा इंजिन थरथरते. क्रँकच्या टोकाशी एक लहानसे बेअरिंग बसले. क्लचचे पेडल व त्याचे दोन्ही सिलिंडर जोडले, रेडिएटरकडे जाणाऱ्या तेलाच्या नळ्या बंद केल्या, मागे जाणाऱ्या दांड्याची लांबी मापून घेतली. गिअर 'पार्क' किंवा 'न्यूट्रल'मध्ये असल्याशिवाय स्टार्टर फिरू न देणाऱ्या स्विचच्या ताराही जोडाव्या लागल्या. मिस्त्रींना यास आठ दिवस लागले.

गाडी आता हलकी पळते. कन्व्हर्टरमध्ये तेल घुसळण्यात जाणारी शक्ती चाकांस मिळते, आणि साठ-सत्तर अश्वशक्तीच्या इंजिनास तेवढीही पुष्कळ. बॅटरी उतरली असता चार पोरे ढकलून ती सुरू करतात.

पहिल्या फेरीस भाचा चालवीत होता, दाजी शेजारी बसले होते. चढावर इंजिनाचा आवाज जड होताच दाजी हळूच म्हणाले, "आता." भाच्याने क्लच दाबून गिअर उतरविला. डाव्या पायाने त्यांनी कधी गिअर बदलला नव्हता. परंतु गिअर केव्हा बदलतो हे त्यांच्या कानांनी वर्षानुवर्षे ऐकले होते.

भाचा आता न सांगता वेळेवर गिअर बदलतो. दाजी तरीही "आता" म्हणतात, आणि तो त्यांना म्हणू देतो.