दोनशे पन्नास वॅटचे गणित

यंत्रांशी आमचे सख्य कधीच नव्हते. सेमिनरीत आम्ही तर्कशास्त्र शिकलो, लॅटिनची रूपे पाठ केली. मात्र फ्यूज उडाला की स्वयंपाक्याला हाक मारण्यापलीकडे आमची गती नव्हती. वाचकांनी पुढील हकिकत ही गोष्ट ध्यानी ठेवूनच वाचावी.

आमच्या कार्यालयात २०१६ साली घेतलेला एक डेस्कटॉप संगणक आहे. दाखले आणि जमाखर्च एवढ्यासाठी तो पुरेसा होता. २०२३ साली युवकांनी घरोघरच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी गोळा केल्या. लग्नाच्या मांडवात गाणी म्हणणाऱ्या आजीबाई त्यांत होत्या. त्यांतल्या कित्येकींना आम्हीच माती दिली होती. ती दृश्ये स्वच्छ करून त्यांची एक चित्रफीत डिसेंबरात सर्वांना दाखवावी असे ठरले. कॉलेजात शिकणारा एक अबोल मुलगा कामाला लागला. संगणक इतका मंद, की मिनिटभराच्या दृश्याला अर्धा तास लागे. त्याने एका चिठ्ठीवर दोन वस्तू लिहून आणल्या : ग्राफिक्स कार्ड आणि पॉवर सप्लाय.

कार्डाचे प्रयोजन आम्हांस पटले. चालू स्थितीतला पॉवर सप्लाय का बदलावा, हे काही केल्या कळेना. नवे कार्ड १२५ वॅट वीज ओढते, असे तो म्हणाला. आम्ही पेन्सिल घेतली. प्रोसेसर ६५, कार्ड १२५, बाकीचे सामान अंदाजे ५०, बेरीज २४०. जुन्या सप्लायवर तर २५० लिहिलेले! "दहा वॅट उरतात की रे," आम्ही विजयी मुद्रेने म्हणालो. अर्थसमितीचे सभासद बसलेच होते, ते हसले. मुलगा काहीतरी बोलू पाहत होता. आम्ही चिठ्ठीवरील दुसरी ओळ खोडून टाकली.

जीटीएक्स १६६० सुपर हे कार्ड वापरलेले मिळाले. त्याला आठ पिनांची स्वतंत्र वीजजोडणी लागते. जुन्या सप्लायला तशी वायर नव्हती, म्हणून एक कन्व्हर्टर केबल आणून भागवले. पत्रे टाइप करताना सारे सुरळीत चाले. चित्रफितीचे काम सुरू झाले, की पाच-दहा मिनिटांत संगणक एकाएकी बंद पडे. ना सूचना, ना आवाज. असे तीन दिवस झाल्यावर रविवारी समितीच्या बैठकीत आम्ही त्या मुलाला म्हणालो, "चांगला चालता संगणक तू बिघडवलास."

त्याने कार्यालयाची किल्ली टेबलावर ठेवली आणि तो निघून गेला. पुढे दोन आठवडे फिरकला नाही.

अखेर दुरुस्तीवाल्यास बोलावले. त्याने झाकण काढून सप्लायवरचे बारीक अक्षरांतले लेबल वाचले आणि आमच्याकडे पाहिले. "फादर, बेरीज बरोबर आहे, पण पैसे एका खिशात नाहीत." २५० वॅट ही ३.३, ५ आणि १२ व्होल्टच्या मार्गांची मिळून मर्यादा होती. प्रोसेसर आणि कार्ड या दोघांची भूक जवळजवळ सगळी १२ व्होल्टवर भागते. त्या मार्गावर लिहिले होते १४ अँपिअर. बारा गुणिले चौदा, म्हणजे १६८ वॅट. दोघांना मिळून हवे १९०. शिवाय कार्ड क्षणभर आपल्या आकड्याच्याही वर उसळी घेते. मग सप्लाय स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. बिघाड कशातच नव्हता. कन्व्हर्टर केबलचे टोक मात्र उष्णतेने पिवळे पडले होते. आणखी काही दिवस गेले असते, तर ते जळालेही असते.

"सप्लाय बदला असं कोणी सांगितलं नाही का?" त्याने विचारले. आम्ही चहा मागवला.

त्याच संध्याकाळी आम्ही मुलाच्या घरी गेलो. तो वाडीतून चिखलाच्या पायांनी आला. चूक आमची होती, असे आम्ही त्याच्या आईदेखत सांगितले. तो एवढेच म्हणाला, "बारा व्होल्टचंच सांगत होतो मी, फादर." आढेवेढे न घेता त्याने किल्ली परत घेतली. त्याला बोललो होतो ते समितीसमोर, म्हणून माफीही समितीसमोरच मागितली आणि इतिवृत्तात नोंदवून घेतली. एका सभासदांना ते अनावश्यक वाटले. आम्हांस वाटले नाही.

नवा सप्लाय ४५० वॅटचा आणला. त्याच्या १२ व्होल्टच्या मार्गावर ३६ अँपिअर. हातात घेताच तो जुन्यापेक्षा जड लागला. मुलाने आधी प्लग काढला, स्क्रूंची भोके जुळतात का ते पाहिले, मग मदरबोर्डाची २४ पिनांची, प्रोसेसरची चार पिनांची आणि कार्डाची आठ पिनांची अशा तिन्ही जोडण्या थेट सप्लायमधून दिल्या. त्या रात्री संगणक पहाटेपर्यंत चालला. आम्ही दोनदा उठून कार्यालयातला दिवा पाहून आलो.

डिसेंबर हुकला. चित्रफीत फेब्रुवारीत दाखवली. मुलगा प्रोजेक्टरपाशी उभा होता. पुढच्या रांगेत कोणी पडद्यावरच्या आजीबाईंबरोबर गाऊ लागले, तेव्हा त्याने आवाज थोडा कमी केला.

जुना सप्लाय उघडून आत काय असते ते पाहावे, असे आमच्या मनात आले होते. त्याने हात धरला. प्लग काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरांत वीज साठून राहते, म्हणाला. यावेळी आम्ही बेरीज केली नाही. तो डबा ई-कचऱ्यात द्यायचा म्हणून टेबलाखाली ठेवला आहे, लेबल बाहेरच्या बाजूला करून.