हातांची पारख

कवठे महांकाळ परिसरात बेदाण्याचा हंगाम सुरू झाला की व्यापारी घरांतील सर्वांचेच हात कामाला लागतात. नमुना तळहातावर घेऊन रंग, आकार पाहिल्यावाचून सौदा होत नाही. घरातही तसेच. डाळीतील खडा, कणकेचा मऊपणा, लेकराच्या कपाळाचा ताप हातच ओळखतात. आयुष्यभर दुसऱ्यांची पारख करणाऱ्या या हातांकडे मात्र कोणी निवांतपणे पाहत नाही.

येथील कोरडी हवा बेदाण्याला मानवते, कातडीला नाही. द्राक्षे वाळवण्यापूर्वी ज्या पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवतात, ते क्षारधर्मी असल्याने त्वचा रुक्ष करते. त्यात भांड्यांच्या साबणाची भर पडते. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. गृहिणीच्या नखांवर तिची मोहोर मात्र पिढ्यान्‌पिढ्या उमटत आली आहे.

हातांची निगा, म्हणजेच मॅनिक्युअर, घरी करण्यास पंधरा दिवसांतून अर्धा तास पुरतो. नखे कोरडी असतानाच कापून कानशीने एकाच दिशेने घासावीत. ओली नखे मऊ पडून चिरतात. मग बोटे पाचेक मिनिटे कोमट पाण्यात ठेवावीत. नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी मऊ फडक्याने हलकेच मागे सारावी, कापू मात्र नये. जंतूंना अडवणारी ती सीमा आहे. ती तुटली की नखुरडे होण्याचा धोका वाढतो. हळदीचा डाग काढण्यासाठी चिरलेल्या त्वचेवर लिंबू चोळू नये. तो रंग उन्हाने आपोआप फिका पडतो. शेवटी खोबरेल तेलाचे दोन थेंब प्रत्येक नखाच्या कडेने जिरवावेत. नखे कापण्याचे साहित्य ज्याचे त्याने वेगळे ठेवणे उत्तम.

या अर्ध्या तासाचे खरे मोल नखे पाहण्यात आहे. हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते आणि मुळापासून टोकापर्यंत यायला सुमारे ६ महिने घेते. म्हणजे प्रत्येक नख ही सहा महिन्यांची रोजकीर्दच. वयाबरोबर येणाऱ्या उभ्या रेषा सहसा निरुपद्रवी असतात. आडवी खाच मागे येऊन गेलेल्या मोठ्या आजाराची नोंद असू शकते. नखे पांढुरकी, मध्ये खोलगट, चमच्यासारखी झाली असतील, तर शरीरात लोहाची कमतरता असल्याची शंका घ्यावी. सर्वांना वाढून शेवटी जेवणाऱ्या आणि ‘जरा थकवा आहे’ एवढेच म्हणणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत ही खूण फार मोलाची ठरते. नखाखाली नवी काळी रेघ दिसली, तरीही डॉक्टरांना दाखवावे. रंगाचा थर वर्षभर चढवलेला असेल, तर ही कीर्द वाचायची कशी? म्हणून दोन रंगांच्या मध्ये काही दिवस नखे मोकळी असू द्यावीत.

रंग लावायचाच, तर बाटलीवरील घटकांची यादी वाचावी. तांबड्या छटांसाठी काही वेळा वापरले जाणारे कार्माइन कीटक वाळवून, कुटून मिळवतात; ‘किरमिजी’ या शब्दाच्या मुळाशीच कीटक आहे. मोत्यासारख्या चकाकीसाठीचे ग्वानीन माशांच्या खवल्यांतून काढले जाते. यादीत ही नावे नसली, तरी सी. आय. ७५४७० व सी. आय. ७५१७० हे क्रमांक अनुक्रमे त्यांचेच. भारतात सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांवर २०१४ साली बंदी आली. घटकांची निवड मात्र घेणाऱ्याच्या हाती उरते. पाणी गाळून पिणाऱ्या, पाकिटावरील हिरवा ठिपका पाहणाऱ्या घराला ही सवय जड नाही.

घरातील आजींना वाकून नखे कापवत नाहीत, डोळ्यांना कडा दिसत नाही. नातीने त्यांचा हात मांडीवर घ्यावा, तेल लावावे. बोलता बोलता जुन्या दुकानाच्या चार गोष्टीही निघतील. आणि गोदामात दिवसभर बेदाणा निवडणाऱ्या भगिनींसाठी हातमोजे व तेलाची एक बाटली ठेवावी. मालाची प्रत ज्या बोटांवर ठरते, त्या बोटांचा एवढा खर्च पेढीच्या खात्यात सहज मावतो.